जुनी मसल कार उभी करायची आहे? आधी डिकी उघडा

गंजावर पीएचडी करते असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमच्या चिपळूणच्या काकू तर म्हणाल्या, "अगं, मग आमच्या खिडकीच्या गजांचं काहीतरी कर की," आणि विषय संपला. मी मिशिगनमध्ये धातूंच्या क्षरणावर काम करते आणि इथे एरवी लिहिते ते लॅबमधल्या नखाएवढ्या, पॉलिश केलेल्या तुकड्यांबद्दल. आजचा तुकडा दीड टनाहून जड आहे. १९६६ सालची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ.

झालं असं की मी ज्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहते, त्या घरमालकीण आजींच्या मागच्या गॅरेजमध्ये ही गाडी १९८९ पासून उभी आहे. आजोबा गेले, त्यानंतर तिच्यावर चादर आली, चादरीवर खोकी आली. मुलाचं म्हणणं, भंगारवाल्याला देऊन टाकू. मार्चमध्ये एके संध्याकाळी आजींनी मला विचारलं, "तू गंजाचाच अभ्यास करतेस ना? मग मला एवढंच सांग, ही गाडी उरली आहे का?"

माझ्या अख्ख्या संशोधनात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. उत्तर शोधायला मला दोन महिने लागले, आणि त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय. तुमच्याकडे जीटीओ असेल असं नाही. कुणाच्या अंगणात आजोबांची पद्मिनी असेल, शेडमध्ये जुनी जीप असेल. पत्रा तोच, पाणी तेच.

आधी मसल कार म्हणजे काय ते थोडक्यात. साठच्या दशकातली अमेरिकन, मध्यम आकाराची, दोन दारांची, तरुणाला परवडेल अशी गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन. जनरल मोटर्सचा तेव्हा आतला नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकच्या लोकांनी, ज्यांत जॉन डिलोरियन हे नाव पुढे फार गाजलं, १९६४ साली पळवाट काढली. नवी गाडी म्हणून नाही, टेम्पेस्ट लेमान्स या गाडीवरचं एक जादा पॅकेज म्हणून त्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन विकलं. त्याचं नाव जीटीओ. ३८९ घनइंच म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. आपल्या मारुती ८०० ची आठ इंजिनं एकत्र बांधा, तेवढं. पुढे प्रदूषणाचे कायदे आले, विम्याचे हप्ते चढले, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि हा सगळा प्रकार दहाएक वर्षांत आटोपला.

त्यामुळे या गाड्यांबद्दल कुणीही बोलायला लागलं की इंजिनापासूनच सुरू होतं. मीही तेच केलं. बॉनेट उघडलं, फोटो काढले, लॅबमधल्या एका कोल्हापूरकर सीनियरला पाठवले. याला आम्ही सगळे दादा म्हणतो. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात गॅरेज, लहानपण तिथेच गेलेलं. त्याचं उत्तर एका ओळीत आलं. "इंजिन विकत मिळतंय. डिकी उघड."

सगळा मुद्दा या एका ओळीत आहे. या इंजिनाचे सुटे भाग आजही नवे मिळतात, इंजिन खोलून बांधणारे मिळतात, अगदीच गेलं तर दुसरं बसवता येतं. पण गाडीची चासी आणि बॉडीचा सांगाडा म्हणजे ती गाडीच. तो किती शिल्लक आहे हे कळल्याशिवाय एक पानाही हातात घेऊ नये. आणि तो वरून बघून कळत नाही. का कळत नाही, हे सांगायला मला माझ्या विषयात शिरावं लागेल.

आमच्या लॅबमध्ये नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात एक प्रयोग दाखवतात. घासून साफ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवायचा. पाण्यात आधीच दोन रसायनं मिसळलेली असतात. एक, लोखंड विरघळायला लागलं की निळं होतं. दुसरं, आपलं शाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन, अल्कली तयार झाली की गुलाबी होतं. आता सांगा, गंज कुठे सुरू होईल? गंजाला हवा लागते हे आपण सातवी-आठवीत शिकलो. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे हवा सहज पोचते. म्हणजे लोखंड कडेला खाल्लं जाणार. बरोबर?

चूक. थोड्या वेळाने थेंबाच्या मधोमध निळा डाग उमटतो आणि कडेने गुलाबी कडं. लोखंड विरघळतं मध्ये, जिथे हवा कमी आहे. उलिक एव्हान्स या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाने हे नीट उलगडून दाखवलं, म्हणून याला एव्हान्सचा थेंब म्हणतात.

कारण गंज लागणं ही एक छोटी बॅटरी आहे. लोखंडाचा अणू पाण्यात उतरतो तेव्हा इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो. ते इलेक्ट्रॉन कुणीतरी उचलायला लागतात, आणि उचलतो तो ऑक्सिजन. पण त्याला तिथल्या तिथे यायची गरज नसते. इलेक्ट्रॉन पत्र्यातून धावत कडेपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे कडेला जेवण चाललंय आणि बिल मधल्याच्या नावावर फाटतंय. ऑक्सिजन जिथे भरपूर आहे तिथला पत्रा वाचतो, जिथे नाही तिथला खपतो. आपल्याला दिसतो तो तपकिरी गंज तर दोन्हींच्या मध्येच कुठेतरी साचतो. म्हणून गंज दिसतो तिथेच पत्रा गेलाय असंही नाही, आणि दिसत नाही तिथे पत्रा शाबूत आहे असं तर मुळीच नाही.

आता हा थेंब गाडीत न्या. गाडीची बॉडी म्हणजे पत्र्यावर पत्रा ठेवून मारलेले शेकडो स्पॉट वेल्ड. दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट. त्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि सहजी बाहेर येत नाही. फटीच्या तोंडाशी हवा, आत हवा नाही. झाली बॅटरी तयार. वर मिठातला क्लोराइड असेल तर आणखी वाईट, कारण तो फटीत आत आत जाऊन बसतो, लोखंडाबरोबर क्लोराइड तयार होतं, पाण्याशी त्याची क्रिया होऊन आम्ल सुटतं आणि फटीतलं पाणी आंबट होत जातं. भरीत भर, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. तो फटीत फुगतो, पत्रे एकमेकांपासून उचकटतो, फट मोठी होते, पुन्हा पाणी येतं.

मीठ कुठून आलं म्हणाल, तर मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आणि डेट्रॉईट शहराच्या पोटात, हजारएक फूट खाली, खरोखरच मिठाची खाण आहे. ज्या शहराने जगाला गाड्या दिल्या, त्याच्याच खालून निघालेलं मीठ त्या गाड्या खातं. आमच्या कोकणात हे काम खारा वारा फुकटात करतो.

बरं, आता तपासायचं कसं. दादा शनिवारी आला तो एक लोहचुंबक, एक दाभण आणि बॅटरी घेऊन. मी लॅबमधलं रंगाची जाडी मोजायचं मीटर परवानगीने आणलं होतं.

चुंबक मऊ फडक्यात गुंडाळायचं आणि बॉडीवरून हळू फिरवायचं. पत्रा असेल तिथे ते चिकटायला बघतं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे ढिलं पडतं. आजींच्या गाडीच्या छतावर, दारांवर चुंबक नीट धरत होतं. मागच्या चाकाच्या मागे, बंपरच्या वर आलं आणि फडक्यासकट खाली पडलं. मीटरने छतावर दीडशे मायक्रॉनच्या आसपास दाखवलं होतं, तो निव्वळ रंग झाला. या जागी दीड हजारांवर जाऊन त्याने आकडा दाखवणंच बंद केलं. म्हणजे आजोबांच्या काळात कुणीतरी भोकं पडलेला पत्रा न कापता त्यावर लांबी थापून, घासून, रंग मारून दिला होता. वरून तो भाग अख्ख्या गाडीत सगळ्यात गुळगुळीत दिसत होता! विकत घेताना हे विशेष लक्षात ठेवा. नुकताच चकाचक रंग दिलेली गाडी मी तरी आधी संशयाने बघेन. फिका, तडकलेला, पण मूळचा रंग असलेली गाडी निदान खोटं बोलत नाही.

यानंतर डिकी. या काळच्या जनरल मोटर्सच्या मध्यम गाड्यांचं एक ठरलेलं दुखणं आहे, मागच्या काचेभोवतीची चकचकीत स्टीलची पट्टी. ती दिसायला सुंदर, पण तिच्याखाली खाच आहे, खाचेत पानं-माती अडकते, ओल धरून ठेवते, काचेच्या खालच्या कोपऱ्यांतला पत्रा सडतो आणि पाणी थेट डिकीत उतरतं. तपासायचा उपाय अगदी घरगुती. मी डिकीत बॅटरी घेऊन आडवी झाले, झाकण अर्थात उघडं, आणि दादाने बाहेरून बागेच्या पाइपने काचेवर पाणी सोडलं. अर्ध्या मिनिटात डाव्या कोपऱ्यातून माझ्या मानेवर धार आली. डिकीतला मॅट उचलला तर खालच्या तळाला हाताच्या पंजाएवढी दोन भोकं, आणि भोकांतून गॅरेजची फरशी.

पण भोकांचं दुःख करायचं कारण नाही. डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा, मागच्या चाकाभोवतीचा पत्रा हे सगळं या मॉडेलसाठी नवं छापून मिळतं. कापायचं, वेल्ड करायचं. वेळ आणि पैसा जातो, पण ते होतं. जीटीओसारख्या गाडीत बॉडी खाली वेगळ्या चासीवर रबराच्या गट्ट्यांवर ठेवलेली असते. खरी भीती त्या चासीची. विशेषतः मागच्या अ‍ॅक्सलच्या वर जिथे चासी कमानीसारखी वर चढते तिथे. ती आतून पोकळ आहे, चिखल-मीठ आत साचतं, आणि तुम्हाला माहीत झालंच आहे की कोंडलेल्या जागेत काय होतं. दादाने तिथे दाभण टेकवून जोर दिला. उजवीकडे टणक लागलं. डावीकडे चॉकलेटच्या वेष्टनासारखा आवाज आला आणि दाभण आत गेलं.

दोघंही जरा वेळ काही बोललो नाही.

ज्या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते, उदाहरणार्थ त्या काळच्या मस्टँग किंवा प्लिमथ, त्यांत हीच तपासणी खालच्या पोकळ पट्ट्यांची आणि पुढच्या काचेखालच्या हवेच्या कप्प्याची करावी लागते. तिथे सडलं असेल तर गाडी शब्दशः वाकते. दारं उघडझाप करून बघा. दाराभोवतीची फट वर एक आणि खाली दुसरी दिसली तर मालकाला पुढचा प्रश्न विचारायच्या आधी खाली वाका.

इथे माझी पहिली चूक सांगून टाकते. दादा यायच्या आधीच्या आठवड्यात, उत्साहाच्या भरात, मी पुढच्या मडगार्डचे बोल्ट सोडवून ठेवले होते. त्यांच्यामागे पातळ पातळ पत्र्याच्या चकत्या होत्या, कुठे एक, कुठे तीन. मी त्या सगळ्या गोळा करून एका वाटीत ठेवल्या, वर स्वतःवर खूश. दादाने वाटी बघितली आणि कपाळाला हात लावला. "अगं, कुठली चकती कुठली, लिहून ठेवलंस का?" कारखान्यात मडगार्ड आणि दार एका रेषेत यावं म्हणून प्रत्येक ठिकाणी मोजून चकत्या घातलेल्या असतात. ती माहिती फक्त त्या जागी होती आणि मी ती वाटीत कालवली. लॅबमध्ये नमुन्यावर लेबल नसलं तर मी ज्युनिअरवर ओरडते, आणि इथे माझी ही तऱ्हा. तेव्हा आता नियम असा की बोल्टला हात लावण्याआधी फोटो, मग वहीत ओळ, मग झिपची पिशवी आणि तिच्यावर मार्करने नाव, जागा, बाजू. अनेक गाड्या गंजाने मरत नाहीत, खोलून ठेवून मरतात. दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही कुठला नट कुठला.

कागदांचंही याच टप्प्यावर बघा, विशेषतः गाडी विकत घेणार असाल तर. १९६६ मध्ये जीटीओ पॅकेज न राहता स्वतंत्र मॉडेल झाली, त्यामुळे खऱ्या गाडीचा चासी नंबर २४२ ने सुरू होतो. ही पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते. आजींच्या गाडीवर २४२१७, मग ६, मग पी. म्हणजे जीटीओ, हार्डटॉप, १९६६, पॉन्टिअ‍ॅक शहरातला कारखाना. १९६४-६५ च्या गाडीत जीटीओ हे पॅकेजच असल्याने चासी नंबरवरून काही कळत नाही, आणि साध्या लेमान्सला बिल्ले लावून जीटीओ म्हणून विकणारे तेव्हापासून आहेत. त्यासाठी पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे कारखान्याच्या मूळ नोंदी पैसे भरून मागवता येतात. शेव्हरले शेव्हेलमध्ये गंमत उलटी. १९६६ ते ६८ ची एसएस ३९६ तिच्या १३८ या आकड्यांवरून ओळखू येते, १९६९ पासून नाही, कारण तेव्हा एसएसच पॅकेज झाली. गाडीची निम्मी किंमत या तीन आकड्यांत असू शकते, त्यामुळे पट्टीचे रिव्हेट उचकटलेले दिसले तर सरळ घरी या.

आता ब्रेक. हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो.

तपासणी करायला गाडी गॅरेजबाहेर उजेडात काढायची होती. इंजिन चालू करायचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला किल्ली मारू नका, स्पार्क प्लग काढून आत थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग पुढच्या पुलीला लांब पाना लावून हाताने फिरतंय का ते बघा, एवढंच तूर्त पुरे. टाकीतलं जुनं पेट्रोलही वार्निशसारखं झालेलं असतं, ते आणि जुने रबरी पाइप काढून टाकायचे. तर आम्ही गाडी ढकलत बाहेर काढायचं ठरवलं. मी आत स्टिअरिंगवर, दादा पुढून ढकलतोय. पेडल मी आधी दाबून बघितलं होतं, घट्ट लागलं होतं. गॅरेजसमोरचा रस्ता उताराचा. गाडीने वेग घेतला, मी पेडल जोरात दाबलं, खाली कुठेतरी फट्ट आवाज झाला आणि पेडल जमिनीला टेकलं. हँडब्रेकची केबल गंजून धरलेली. गाडी मागे मागे जात सार्वजनिक रस्ता ओलांडून समोरच्यांच्या मेपलच्या झाडाला टेकली. बंपरला पोचा आला. पाच मिनिटांपूर्वी तिथून शेजारची मुलगी सायकलवर गेली होती.

नंतर वही घेऊन बसलो आणि काय झालं ते मांडलं. ब्रेकचं तेल हवेतली आर्द्रता शोषतं. वर्षानुवर्षं बदललं नाही की त्यातलं पाणी पोलादी नळीला आतून खातं. बाहेरून नळी ठीक दिसते. मी सावकाश दाबलं तेव्हा तिने तग धरला, जोरात दाबल्यावर दाब वाढला आणि ती फुटली. आणि १९६६ च्या जीटीओत चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि चारही चाकांचं तेल एकाच कप्प्यातून येतं. एक नळी कुठेही फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. १९६७ पासून जनरल मोटर्सने पुढच्या-मागच्या चाकांसाठी वेगवेगळे कप्पे केले. त्याआधीची गाडी असेल तर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवणं हा माझ्या मते एकमेव बदल आहे ज्यात अस्सलपणाचा वाद घालूच नये. नळ्याही सगळ्या बदला. आम्ही तांबं-निकेलच्या मागवल्या. आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्याचा मिश्रधातू, फक्त प्रमाण वेगळं. पोलादासारख्या गंजत नाहीत आणि हाताने वाकवता येतात. आणि उभ्या गाडीच्या चाकाखाली लाकडी ठोकळे, नेहमी. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली लोखंडी स्टँड हवेतच.

जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ती धूळ हवेने उडवू नका, ओली करून पुसा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि कारखान्यात बॉडीच्या सांध्यांवर तर ते वितळवून भरलेलं असायचं. तेव्हा कोरडं घासायचं नाही, आणि मास्क म्हणजे ओढणी नव्हे.

राहता राहिला सुट्या भागांचा गंज काढणं, आणि इथे माझी दुसरी फजिती. बिजागऱ्या, ब्रॅकेट अशा छोट्या भागांसाठी एक स्वस्त उपाय आहे. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, गंजका भाग ऋण टोकाला आणि लोखंडाचा एखादा टाकाऊ तुकडा धन टोकाला. गंज सुटून येतो, चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. मी बादली मांडली आणि धन टोकाला स्वयंपाकघरातला एक जुना स्टीलचा डाव लावला, कारण तो "गंजत नाही". दादाने येऊन वायर उपटली. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, धन टोकाला ते पाण्यात उतरतं आणि त्याचं सहा संयुजेचं रूप तयार होऊ शकतं, जे कर्करोगकारक आहे. पाणी पिवळट दिसायला लागलं की समजायचं. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं. तेव्हा साधं लोखंडच लावा, खोली हवेशीर ठेवा कारण हायड्रोजन सुटतो, आणि स्प्रिंगा किंवा जास्त ताकदीचे बोल्ट या बादलीत किंवा आम्लात टाकू नका. हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात.

बाजारात गंजावर लावायची काळी करणारी द्रावणं मिळतात. वरवरच्या गंजावर ती चालतात. पण गंजाच्या तळाशी क्लोराइड बसलेला असेल तर तो तिथेच राहतो आणि वरचा थर काही काळाने पुन्हा फुगतो. समुद्रातून वर काढलेल्या लोखंडी वस्तूंचं हेच दुखणं. हनली नावाची अमेरिकन यादवीतली पाणबुडी २००० साली वर काढली, तर तिच्यातला क्लोराइड बाहेर काढायला तिला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात वर्षानुवर्षं ठेवावं लागलं. गाडीला एवढं कोण करणार! म्हणून खोल गेलेल्या ठिकाणी पत्रा कापून नवा लावणं हाच सरळ मार्ग. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग गरज असेल तर लांबी, तीही पातळ. लांबी ओल धरते, ती थेट पत्र्यावर थापू नका. आणि पोकळ जागांत शेवटी मेणासारखं मिळतं ते फवारून घ्यायचं, म्हणजे पाणी आणि पत्रा यांची गाठ पडत नाही.

मे महिन्याच्या शेवटी मी आजींसमोर वही ठेवली. छत, दारं, बॉनेट, उजवी चासी: शाबूत. डिकीचा तळ, मागची काच, मागचे दोन्ही कोपरे: बदलावे लागतील. डावी चासी, मागची कमान: कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागेल, तेही चासीचंच काम करणाऱ्या माणसाकडून, आमच्याकडून नाही. सगळं करून, रंग देऊन, विकायची म्हटलं तर घातलेले पैसे निघतीलच असं नाही. हे मी दोनदा सांगितलं, कारण या छंदात लोक हेच स्वतःपासून लपवतात.

आजींनी वही शांतपणे वाचली. मग म्हणाल्या, रंग राहू दे. चालली पाहिजे आणि थांबली पाहिजे. मुलाने फोनवर बराच वाद घातला, पण चासीचा खर्च शेवटी त्यानेच उचलला.

तेव्हा आता यादी छोटी झाली आहे. चासी पुढच्या महिन्यात वेल्डरकडे जाईल. त्याआधी मडगार्डच्या चकत्या परत कुठे किती बसतात हे एकेक करून लावून बघायचं आहे, वाटीत एकोणीस आहेत. ब्रेकच्या नळ्या काल आल्या. शनिवारी दादा वाकवायचं हत्यार घेऊन येतोय, आणि येताना झाडाच्या मालकांसाठी केक.